गुऱ्हाळावरच्या लेखाची नोंदवही

९ डिसेंबर २०२४, सोमवार

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या लेखनकौशल्य या अभ्यासक्रमासाठी ‘आमच्या घरचे गुऱ्हाळ’ हा विषय आज नक्की केला. पंधराशे शब्दांचा लेख, त्याचे किमान तीन खर्डे, एका सहवाचकाचे अभिप्राय आणि साऱ्या कामाची तारीखवार नोंदवही असे प्रकल्पाचे स्वरूप आहे. मॅडमनी वर्गात सांगितले की गुण केवळ शेवटच्या लेखाला मिळणार नाहीत; लेखक म्हणून आपल्यात काय बदलले हे नोंदवहीतून दिसले पाहिजे, आणि ते ‘माझी खूप प्रगती झाली’ असे लिहून नव्हे, तर जुने वाक्य आणि नवे वाक्य शेजारी ठेवून दाखवले पाहिजे. नोंद त्याच दिवशी लिहायची, मागाहून शोभिवंत करायची नाही, अशीही अट आहे.

विषय का निवडला, याचे खरे उत्तर लिहून ठेवते. तो मला सोपा वाटला. आमचे गाव करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी आहे, घरामागे तीनशे पावलांवर आमचे गुऱ्हाळ आहे आणि दिवाळीनंतर मार्चपर्यंत आमच्या कपड्यांनाही काकवीचा वास येतो. माहिती गोळा करण्याचे कष्ट पडणार नाहीत, असा माझा हिशेब होता.

१२ डिसेंबर २०२४

पहिला खर्डा एका संध्याकाळी पूर्ण झाला. एकूण १४८० शब्द भरले. सुरुवात अशी केली आहे:

‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. आपल्या कृषिसंस्कृतीत गुऱ्हाळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा मधूर व्यवसाय म्हणजे ग्रामीण जीवनाचा अनमोल ठेवा आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.’

मला हा परिच्छेद आवडला आहे. दहावीला अशाच सुरुवातीला निबंधात चांगले गुण मिळाले होते.

१७ डिसेंबर २०२४

खर्डा परत आला. लाल शाई कुठेच नाही. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिला आहे: ‘हे कोणी पाहिले?’ मी मोजले, तो प्रश्न चौदा ठिकाणी आहे. ‘मधूर’ या शब्दाभोवती एक गोल आहे आणि त्याबद्दल काहीही लिहिलेले नाही.

१८ डिसेंबर २०२४

काल राग आला होता, म्हणून फार लिहिले नाही. आज खर्ड्यातील प्रत्येक वाक्यापुढे खूण केली. जे मी स्वतः पाहिले त्यापुढे ‘प’, जे घरात ऐकले त्यापुढे ‘ऐ’, जे शाळेच्या पुस्तकातून किंवा कुठून तरी मनात राहिले त्यापुढे ‘कु’ अशी अक्षरे लिहिली. एकूण ८६ वाक्यांपैकी ‘प’ फक्त सात निघाली, आणि त्या सातांतही दोन वाक्ये चुलाणातून उडणाऱ्या ठिणग्यांबद्दल आहेत, जी लहानपणी झोपेतून उठवून आणल्यावर दिसत असत. बाकी बहुतेक ‘कु’. ज्या घरात मी वाढले त्या घराबद्दलची माझी वाक्ये दुसऱ्या कोणाचीही असू शकली असती. महाबळेश्वरच्या सहलीबद्दल गेल्या वर्षी मी जे लिहिले होते, त्यात यापेक्षा अधिक ‘प’ भरली असती. परक्या जागी माणूस डोळे उघडे ठेवतो. घरात त्याला सगळे ठाऊकच असते.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

पहाटे चारला गुऱ्हाळावर गेले आणि दुपारी दोनपर्यंत थांबले. तीन आदणे, म्हणजे तीनदा काहील भरून आटवणे, पाहिली. वही काकवीने चिकटली आहे. काही पाने उलगडताना फाटली. जे टिपले ते क्रमाने उतरवते.

आमच्याकडे एका आदणाला साधारण दोन टन ऊस लागतो. तो विजेच्या चरकात घालायला दोन माणसे असतात. रस आधी मांदणात जमतो आणि तिथून नळीने काहिलीत येतो. काहिलीत एका वेळी बाराशे लिटरांच्या आसपास रस मावतो. चुलाणापुढे एक जण सतत वाळलेले चिपाड आत सारतो. जाळ एका बाजूला वाढला तर तात्या लांबूनच फक्त हात दाखवतो आणि तो माणूस दुसऱ्या बाजूने चिपाड घालतो. या दोघांत तीन आदणांत मिळून चार-पाच शब्दच बोलले गेले असतील.

तात्या म्हणजे आमचा गुळव्या. शेजारच्या गावाहून येतो, आबांच्या वेळेपासून आहे, आणि आम्ही सारेच त्याला तात्या म्हणतो. रस कोमट झाला की तो रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे चिकट पाणी त्यात सोडतो, थोडी चुन्याची निवळी घालतो. मग रसावर तपकिरी-हिरवट मळी जमू लागते आणि ती झाऱ्याने काढत राहावे लागते. मी आजवर समजत होते की मळी एकदाच काढतात. त्या सकाळी पहिल्या आदणात तात्याने किती वेळा झारा चालवला ते मोजायला घेतले आणि साठानंतर सोडून दिले.

मळी संपल्यावर रस पिवळा होऊन उसळतो, फेस काहिलीच्या कडेपर्यंत येतो. त्यानंतर फेस बसतो, बुडबुडे जाड होतात आणि पाकाचा आवाज बदलतो. आधी तो पावसासारखा सलग असतो. मग एकेक बुडबुडा वेगळा फुटल्याचे ऐकू येते. काकवी हवी असेल तर इथे आधीच थांबतात. गुळासाठी आणखी आटवावे लागते. पुस्तकात ११८ अंश सेल्सिअस असा आकडा मिळतो, पण तात्याकडे तापमापक नाही. तो हात्यावरून ओघळणारा पाक पाण्याच्या भांड्यात घेतो, बोटांनी गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर मारतो. आवाज टणक आला की ‘उतरा’ म्हणतो. पाक वाफ्यात, म्हणजे तो निववण्याच्या उथळ जागेत, ओतला जातो, लाकडी हात्यांनी घोटला जातो, आणि घट्ट होऊ लागला की कापड घातलेल्या साच्यांत भरला जातो. दहा किलोच्या बावीस-तेवीस ढेपा होतात. रस काहिलीत आल्यापासून साच्यात जाईपर्यंत पावणेतीन तास लागले.

मी एका कोपऱ्यात उभी राहून लिहीत होते. तात्याने एकदा वळून पाहिले आणि म्हणाला, “पोरी, ल्हानपणापास्नं हितं खेळलीयास, पर काहिलीजवळ कवा हुबी ऱ्हायली न्हाईस.” मॅडमच्या चौदा प्रश्नांचा अर्थ या वाक्याने अधिक नीट कळला.

एक गोष्ट सहज मनात आली. ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ हा वाक्प्रचार आपण निष्फळ, लांबत जाणाऱ्या बोलण्यासाठी वापरतो. चरक दिवसभर घरघरतो म्हणून असेल. पण तो रूढ करणारा माणूस काहिलीजवळ उभा राहिलेला नसावा; तिथे कोणाला बोलायला सवड नसते.

२४ डिसेंबर २०२४

काल शब्दांची यादी केली: चरक, मांदण, काहील, चुलाण, चिपाड, मळी, हात्या, वाफा, आदण, ढेप. पहिल्या खर्ड्यात यांतील फक्त ‘काहील’ आणि ‘ढेप’ आले होते. काहिलीला तर मी एके ठिकाणी ‘मोठी कढई’ म्हटले आहे, जणू वाचणाऱ्यालाच समजणार नाही अशी मला भीती होती.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

दुसरा खर्डा लिहायला घेतला आणि तिसऱ्या पानावर अडले. पाहिलेले सगळे लिहिले, शब्दही नेमके वापरले, तरी परिच्छेद निर्जीव वाटत होता. कारण शोधायला दुपार गेली. ते असे होते:

‘प्रथम ऊस चरकात घालण्यात येतो. त्यानंतर रस काहिलीत सोडण्यात येतो. रस तापल्यावर त्यात भेंडीचे पाणी मिसळण्यात येते व वर आलेली मळी काढून टाकण्यात येते.’

‘करण्यात येते’ हा प्रयोग माझ्या खर्ड्यात एकवीस वेळा आला होता. सरकारी पत्रके, पाठ्यपुस्तके आणि प्रयोगवह्या यांतून तो इतका अंगवळणी पडला आहे की मला तोच शुद्ध आणि गंभीर मराठीचा नमुना वाटत होता. त्याचा दोष एवढाच की त्यात माणूस नाही. मळी आपोआप निघत नाही. ती तात्या काढतो, आणि ती काढताना त्याचा उजवा खांदा वर राहतो. मी कर्ते परत आणले:

‘दोघे जण चरकात ऊस सारतात. रस कोमट झाला की तात्या त्यात भेंडीचे पाणी सोडतो आणि झारा हातात घेतो. पुढचा पाऊण तास तो झारा खाली ठेवत नाही.’

सगळीकडे हे करून चालले नाही. ‘गूळ साच्यात भरला जातो’ हे वाक्य मी तसेच ठेवले, कारण ते काम त्या क्षणी जो मोकळा असेल तो करतो आणि तिथे कर्ता सांगण्यात अर्थ नाही. म्हणजे कर्मणी प्रयोग वाईट नाही. न पाहिलेली गोष्ट झाकण्यासाठी मी तो वापरत होते, हे वाईट होते.

९ जानेवारी २०२५

आज ‘मधूर’भोवतीच्या गोलाचा छडा लागला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आम्हाला अभ्यासाला आहेत. १९६२मध्ये चौदा नियम मान्य झाले, १९७२मध्ये त्यांत आणखी चार आले. मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आता माझ्याच विषयाचे शब्द त्यांत घालून पाहिले तर सारे गुऱ्हाळच एका नियमात बसते. अकारान्त शब्दाचे उपान्त्य अक्षर दीर्घ, म्हणून ऊस, गूळ, काहील, चूल. सामान्यरूप होताना तेच ऱ्हस्व, म्हणून उसाचा, गुळाची, काहिलीत, चुलीपाशी. ‘गुऱ्हाळ’ मात्र ऱ्हस्वच, कारण तिथे ‘गु’ हे उपान्त्य अक्षर नाही. मी गुळाच्या ओढीने दोनदा ‘गूऱ्हाळ’ लिहिले होते. आणि ‘मधुर’, ‘गुण’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, त्यांचा उकार मुळात ऱ्हस्व म्हणून तो तसाच राहतो.

शुद्धलेखनाने लेखक मोठा होत नाही, हे मला मान्य आहे. पण नियम स्वतःच्या शब्दांवर लावून पाहिला तेव्हा तो प्रथमच माझ्या कामाचा झाला, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

(‘मधुर’ शब्द शेवटी काढूनच टाकला.)

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. काम नाही. लेखात तिळगुळाचा परिच्छेद घालण्याचा मोह झाला, घातला नाही.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

सहवाचनाची पहिली फेरी झाली. माझी सहवाचक इचलकरंजीची आहे. तिच्या घरी यंत्रमाग आहेत आणि तिचा लेख त्यांवर आहे. तिने माझ्या खर्ड्यावर नऊ ठिकाणी प्रश्नचिन्हे केली. ‘आदण’ म्हणजे काय, ‘वाफा’ शेतातला की दुसरा, ‘चिपाड’ ओले की वाळलेले, असे ते प्रश्न होते. २४ तारखेला शब्दांची जी श्रीमंती मला सापडली होती, ती मी तशीच वाचकापुढे ओतली होती.

मी थोडी नाराज होऊन तिचा लेख वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीत ‘धोटा’ आला, पाचव्या ओळीत ‘बीम’, आणि दहाव्या ओळीला पोहोचेपर्यंत मला तिच्या घरात काहीच दिसेना. तेव्हा माझ्या वाचकाला माझ्या गुऱ्हाळात काय दिसत असेल, ते समजले. पहिल्या खर्ड्यात मी ‘मोठी कढई’ म्हणून वाचकाला कमी लेखले होते. दुसऱ्यात त्याचा विचारच केला नाही.

आम्ही दोघींनी मिळून एक उपाय काढला. कंसात अर्थ द्यायचा नाही, तळटीप द्यायची नाही. शब्द प्रथम येतो तिथे त्याच्याकडून काम करवून घ्यायचे. ‘एका आदणाचा, म्हणजे एकदा काहील भरून आटवण्याचा’ असे लिहिण्याऐवजी मी लिहिले: ‘पहिल्या आदणाच्या ढेपा साच्यातून निघण्याआधीच दुसऱ्या आदणाचा रस काहिलीत पडलेला असतो.’ तिने वाचून मान हलवली. तिच्या धोट्यानेही मग ताण्याच्या दोन थरांमधून इकडून तिकडे धाव घेतली आणि मागे बाण्याचा एक धागा टाकला.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला’ हे शब्द दुसऱ्या खर्ड्यातही राहिले होते आणि त्यांच्यापुढे मी ‘ऐ’ अशी खूण केली होती. कोणाकडून ऐकले हे आठवेना, म्हणून रात्री आबांना विचारले. आबा हसले. त्यांच्या वडिलांचा गुऱ्हाळाशी संबंध एवढाच की ते दुसऱ्याच्या घाण्यावर बैल हाकायला जात. आमचे गुऱ्हाळ आबांनी १९८७ साली दोन भावांच्या भागीत घातले, आणि त्यातला एक भाऊ चौथ्या वर्षी बाजूला झाला. तो का झाला हे त्यांनी सांगितले, पण लेखात घालू नकोस असेही सांगितले. ते मी इथेही लिहीत नाही.

त्यांच्या जुन्या हिशेबाच्या वह्या पाहायला मागितल्या. त्या २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात गेल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर कागदाचा लगदा निघाला. म्हणजे १९८७ या सालालाही आबांच्या आठवणीखेरीज आधार नाही. मी लेखात ‘आबा सांगतात’ हे दोन शब्द घातले. पूर्वी मला असे शब्द कमकुवतपणाचे वाटत असत. आता वाटते की वाचकाला वाक्य कोठून आले हे कळले, तर ते किती पेलायचे हे त्याला ठरवता येते.

एका पिढीचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्यांपेक्षा लिहायला कितीतरी अवघड निघाला.

११ फेब्रुवारी २०२५

ही नोंद तीन दिवस उशिरा लिहिते आहे. अट मोडली आहे.

पहिल्या खर्ड्यात ‘आमचा गूळ पूर्णपणे नैसर्गिक असतो’ असे वाक्य होते. दुसऱ्यात ते गळले, पण त्या जागी काहीच आले नाही. २२ डिसेंबरला मी काहिलीजवळ उभी असताना, पाक उतरण्याआधी काकांनी पांढऱ्या भुकटीची चिमूट टाकलेली मी पाहिली होती. तिला आमच्याकडे हायड्रॉस म्हणतात. तिने गुळाचा रंग उजळतो. त्या दिवशीच्या टिपणात मी ते लिहिले नाही. वही उघडून पाहावी, तिथे भेंडी आहे, चुना आहे आणि त्यापुढे थेट उसळणारा फेस आहे. टिपण करतानाच मी वगळले होते, आणि त्या वेळी ते वगळणे मला जाणवलेही नाही. मॅडमचा प्रश्न ‘कोणी पाहिले’ असा होता. पाहूनही न लिहिलेल्या वाक्याच्या समासात पेन्सिल कशी पोहोचणार?

शनिवारी बाबांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिही. पण सौद्यात रंग बघून दर लागतो, तेही लिही. काळपट ढेप नेली की क्विंटलमागे काही शे रुपये कमी मिळतात. घेणाऱ्याला पिवळा पाहिजे आणि खाणाऱ्याला बिनभुकटीचा पाहिजे.” दुसऱ्या दिवशी आपण होऊनच म्हणाले की आपल्या घरी खायला ठेवतो त्या आदणात ती घालत नाही, हेही लिहायचे असेल तर लिही.

हा परिच्छेद मी सहा वेळा लिहिला. पहिल्या वेळी तो कबुलीजबाब झाला, दुसऱ्या वेळी बाबांचा वकील झाला, तिसऱ्या वेळी वर्तमानपत्रातील भेसळीच्या बातमीसारखा झाला. शेवटी जे टिकले त्यात चार वाक्ये आहेत: काका काय टाकतात, त्याने काय होते, सौद्यात काय होते, आणि घरच्या आदणात काय होत नाही. मत एकही नाही. माझे मत काय हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि ठरलेले नसताना ते ठरल्यासारखे लिहिण्याचे कसब मला पहिल्या खर्ड्यापासून अवगत आहे.

२० फेब्रुवारी २०२५

ग्रंथालयात दोन दिवस गेले. शाहू महाराजांनी १८९५मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला तिथे बाजार मिळाला. दिवाळी पाडव्याला नव्या हंगामाचे सौदे निघतात. कोल्हापूरच्या गुळातला मोठा वाटा गुजरातेत जातो. २०१४मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. को ९२००५ ही उसाची जात गुळासाठी चांगली मानली जाते. एवढे सारे टिपले आणि सारे लेखात बसवले. लेख पंधराशेवरून एकोणीसशे शब्दांवर गेला. रात्री वाचून पाहिले, तर तात्या मधल्या दोन पानांवरून नाहीसाच झाला होता.

आता त्यातील दोनच गोष्टी ठेवल्या. गुजरातचा उल्लेख हायड्रॉसच्या परिच्छेदात गेला, कारण पिवळ्या रंगाची मागणी करणारा गिऱ्हाईक दूर आहे हे तिथे उपयोगी पडते. उसाची जात सुरुवातीलाच आली, कारण आमच्या रानात तीच आहे. मानांकन काढताना जिवावर आले. पण आमच्या ढेपेच्या दरात त्याने काय फरक पडला, हे बाबांनाही सांगता येईना, आणि मग लेखात ते केवळ पदकासारखे लटकत राहिले असते.

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे वाचन झाले. गेल्या ऑक्टोबरात भाषेला अभिजात दर्जा मिळाल्यामुळे यंदा भाषणे लांबली आणि आमच्या वाट्याला पाच-पाच मिनिटे आली. मी गोळीच्या परीक्षेचा परिच्छेद वाचला. त्यात बावन्न शब्दांचे एक वाक्य होते. कागदावर ते मला डौलदार वाटत असे. वाचताना तिसऱ्या उभयान्वयी अव्ययाशी माझा श्वास संपला आणि सभागृहात कोणीतरी खोकले. घरी येऊन ते वाक्य मोडले नाही, कारण पाक आटण्याची वाट पाहणे लांब वाक्यातच बसते. फक्त क्रियापदे आधी आणली, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेत टेकायला जागा मिळते.

तात्याचे बोलणे मात्र मी जसेच्या तसे वाचले आणि सभागृह हसले. ते कशाला हसले? तात्या काही विनोदी बोलला नव्हता. प्रमाण मराठीच्या मजकुरात एकट्या तात्याचीच बोली होती, आबा-बाबा-काकांच्या तोंडी मी पुस्तकी मराठी घातली होती, जरी ते तिघेही घरात तात्यासारखेच बोलतात. बाबांचे ११ फेब्रुवारीचे बोलणे या वहीतही मी धुऊन-पुसून लिहिले आहे, हे आज ध्यानात आले. ते म्हणाले होते ते असे: “लिव्ह. पर सौद्यात रंग बगून दर लागतोय, त्ये बी लिव्ह.” लेखात चौघांनाही त्यांची भाषा परत दिली.

१२ मार्च २०२५

तिसरा खर्डा. शेवट जमत नव्हता. गेले दोन महिने एक रूपक माझ्या मागे लागले होते: लेखन म्हणजे रस आटवणे, खाडाखोड म्हणजे मळी काढणे, वाचक म्हणजे गोळीची परीक्षा. ते इतके हाताशी होते की प्रकल्पाचे शीर्षकही त्यावरून सुचले होते. सहवाचकेला सांगितले तर ती म्हणाली, “मग मी पण कापड विणते म्हणू का?” रूपक काढले. काहील ही काहीलच राहिलेली बरी. लेख आता दुपारी चरक थांबल्यावर कामगार बायका चिपाड पसरतात तिथे संपतो.

२६ मार्च २०२५, बुधवार

लेख सादर केला. १५१२ शब्द. अटीप्रमाणे पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्याची सुरुवात शेजारी ठेवते. पहिली वर १२ डिसेंबरला आहे. शेवटची अशी:

‘आमच्या गुऱ्हाळावर एका आदणाला साधारण दोन टन ऊस लागतो. तो चरकात घालणारे दोघे, काहिलीजवळ तात्या, चुलाणापुढे एक जण आणि चिपाड वाळवणाऱ्या दोन बायका, एवढ्यांच्या हातांखालून गेल्यावर त्याच्या बावीस-तेवीस ढेपा होतात.’

काय जमले नाही तेही नोंदवायचे आहे. चिपाड पसरणाऱ्या दोघींशी मी एकदाही बोलले नाही. त्या लेखात शेवटी येतात, पण दुरून दिसतात तेवढ्याच. त्यांची मजुरी किती हे मला माहीत आहे, कारण ती आमच्या घरातून जाते, आणि ती मी लिहिली नाही. आईचेही तसेच. ती पहाटे तीनला उठून आठ माणसांचा चहा आणि भाकरी करते. पंधराशे शब्दांत ती एकदा ‘चहा आला’ या दोन शब्दांत येऊन जाते, आणि तिथे पुन्हा कर्ता नाही. जानेवारीत मी ज्या दोषाची एवढी चिकित्सा केली, तो स्वयंपाकघराच्या बाबतीत मला दिसला नाही. पुढच्या सत्रात विषय निवडायचा झाला तर इथून सुरुवात करावी असे वाटते.

३० मार्च २०२५, रविवार

गुढीपाडवा. हंगाम आठवड्यापूर्वी संपला. तात्या हिशेबाला आला होता. जेवण झाल्यावर आबांनी मला लेख वाचायला लावला. तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. हायड्रॉसच्या परिच्छेदाला काका उठून बाहेर गेले आणि पुढचा परिच्छेद संपल्यावर परत आले. आईने ‘चहा आला’ला मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर तात्या म्हणाला, “समदं बराबर हाय. पर त्या गोळीचं पानी मी दर आदणाला बदलतोय. ऊन पान्यात गोळी खोटं बोलती. तू म्होरं बसली हुतीस, तवा बगितलं न्हाईस व्हय?”

मी पाहिले नव्हते. तीन आदणे समोर बसून पाहिली नव्हती. वही काढली, २२ डिसेंबरच्या पानावर ‘पाण्याच्या भांड्यात’ एवढेच आहे. तिथे समासात आजची तारीख घालून ‘दर आदणाला नवे थंड पाणी’ असे लिहिले. उद्या ईदची सुट्टी आहे. मंगळवारी मॅडमकडे जाऊन सादर केलेल्या प्रतीतही तेवढी दुरुस्ती करू द्याल का, असे विचारणार आहे.